कोरा हात

क्षयाच्या तपासणीसाठी मायलेकींच्या हातावर परवा टोचलं होतं. आज परिचारिका मोजपट्टी लावून सूज मोजत होती. आईच्या हातावर चांगली टपोरी गाठ उठली होती. महिनाभर खोकणाऱ्या लेकीचा हात मात्र कोरा होता. “म्हटलं नव्हतं, ताई? रोग मलाच आहे. पोरगी सुटली,” आई समाधानाने म्हणाली. लेकीने “बघ, उगाच काढे पाजलेस,” म्हणून थट्टा केली आणि खोकत भिंतीला टेकली. परिचारिकेसमोर लेकीच्या छातीचा एक्स-रे होता. दोन्ही फुप्फुसं डागांनी भरलेली. परिचारिकेने आईला दाराबाहेर नेलं. “मावशी, तुमचं अंग जंतूंशी भांडतंय, म्हणून गाठ आली. तिच्या अंगात भांडायचंही त्राण उरलेलं नाही.” आई कितीतरी वेळ स्वतःच्या हातावरची गाठ चाचपत राहिली. मग म्हणाली, “तिला आणखी एकदा टोचा, ताई. गाठ यावी म्हणून मी आजपासून उपास धरते.”