शेवटचा वापरकर्ता

सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन एक जण जरी वापरत असला, तरी ते सांभाळणाऱ्याने चंद्रावरचं केंद्र सोडायचं नाही, असा हेमलताचा करार होता. बाकी सगळे केव्हाच नव्यावर गेले. अडून बसले ते एकटे वेंगुर्ल्याचे बर्फ-कारखानदार परबकाका. आज पुन्हा तक्रार करायला त्यांचा फोन आला, तेव्हा हेमलता वैतागली.

“काका, नवं घ्या ना हो. मला घरी जायचंय.”



“अगं, नवं कधीच घेतलंय. म्हटलं, जुनं बंद केलं तर पोरीची नोकरी जाईल. म्हणून तक्रारी करत राहिलो. आता करतो बंद.”

आपण परत येतोय हे कुणाला कळवावं, याचा हेमलता विचार करू लागली. परबकाकांखेरीज एकही नाव आठवेना.

“आज राहू दे, काका,” ती म्हणाली. “तक्रार काय होती, ते सांगा.”