उलटी गाडी

डेझ्मंडने नवी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आयुष्यात पहिल्यांदाच कॅम्पवर आणली होती, आणि ती मागे घेत ठरल्या जागेत लावायचा त्याचा हा सहावा प्रयत्न होता. आजूबाजूची मंडळी चहाचे मग घेऊन घडीच्या खुर्च्यांवर बसली होती आणि आपलं लक्षच नसल्याचं दाखवत होती.

त्याच्या बायकोने, हिलरीने, कागदावर कोन काढून हे सगळं आदल्या आठवड्यातच समजून घेतलं होतं. मागे उभी राहून ती शांतपणे म्हणाली, "स्टिअरिंग डावीकडे."

"मला शिकवू नकोस!" म्हणत त्याने ते उजवीकडे फिरवलं. कॅरॅव्हॅन कुंपणात घुसली.

"आता उजवीकडे."

"ऐकलंत? हिला साधी सायकल चालवता येत नाही!" त्याने खिडकीतून सगळ्यांना सांगितलं आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. नळाचा खांब वाकला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. डेझ्मंडचे कान लालबुंद झाले.

शेजारच्या ग्लेनिसला राहवेना. बिस्किटांचा डबा घेऊन ती हिलरीजवळ आली आणि कुजबुजली, "अगं बाई, तू बरोबर सांगतेस आणि हा मुद्दाम उलट करतो. मग तूच उलटं सांग ना, लगेच आत जाईल!"

हिलरीने एक बिस्कीट उचललं.

"माहीत आहे मला. एकतीस वर्षं उलटं सांगूनच तर घर चालवलं. पण तिथे बरोबर कोण ते बघायला कुणी नसायचं."