देवघरातला दगड

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. एका दगडाची गोष्ट ऐका.

हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या परचुरे सरांच्या घरी मंजुळाने त्यांनी दिलेला दगड यंत्रावर ठेवला. बर्फात दबलेल्या दगडांत साठलेले आवाज ऐकवणाऱ्या त्या यंत्रातून नुसती खळखळ आली.

"तुझ्या बाबांचा आवाज उरला नसेल गं," सर नजर चुकवत म्हणाले. तीस वर्षांपूर्वी त्यांचं सामान वाहणारा मंजुळाचा बाप, नामा धिंडळे, हिमनदीच्या भेगेत पडला आणि जागीच गेला, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. आता हिमनदी वितळून तिने आणलेल्या दगडमातीचा ढीग, हिमोढ, तेवढा मागे राहिला होता. हा दगड त्यातलाच, असं सरांनी सांगितलं होतं.

"सर, हा तर नदीतला गोटा! बर्फातल्या दगडाला कंगोरे असतात, ओरखडे असतात. तुमच्याच पुस्तकात वाचलंय मी."

सर उठले. देवघरात विठ्ठलाच्या मूर्तीमागे दडवलेला ओरखड्यांचा दगड त्यांनी आणून यंत्रावर ठेवला.

"साहेब, जिता हाय मी! दोर टाका!" यंत्रातून नामाचा आवाज आला. कितीतरी वेळ तेच. मग वरून एक तरुण आवाज आला, "नामा गेला. चला खाली."

आवाज सरांचा होता. मंजुळाने दगड पदरात घेतला आणि ती निघून गेली.

मायबाप, उद्या पूजेला बसाल तेव्हा एक फूल नामाच्या नावाने वाहा.