चौथी पायरी

"काटा बारावर होता," घड्याळजी म्हणाला. "बारा म्हणजे बारा. सव्वाबारासुद्धा नाही."

धक्क्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात तक्रारीचा कागद होता. या मोसमातला तिसरा. तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की परवाना जप्त आणि बोट मोसमभर पाण्याबाहेर, हा तळ्यावरचा नियम घड्याळजीला तोंडपाठ होता. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या वेळा दुरुस्त करायच्या आणि रविवारी सकाळी ही पांढरी बोट घेऊन पाण्यावर निघायचं, एवढंच काय ते त्याचं स्वतःचं होतं. बायको म्हणायची, त्या इंजिनावरून हात फिरवता तसा माझ्या कपाळावरून कधी फिरवला असतात, तर माझी डोकेदुखी कधीच गेली असती.

"काट्याबद्दल कुणी काही म्हणत नाहीये," हवालदार म्हणाला. "शिंपीणबाई लाटेबद्दल म्हणतात."

"लाटेबद्दल? अहो, पाण्यात तरंगणारं ते हद्दीचं पिवळं पिंप आलं की मी मुद्दाम वेग कमी करतो. पिंपापासून पुढे वेगाची मर्यादा बारा, म्हणजे बारा. त्यांचे यजमान तिथे पायऱ्यांवर बसलेले असतात. मला हात करतात, मीही करतो. त्यांची काही तक्रार नाही. बाईच जरा तिरसट आहेत."

हवालदारानं कागदाची घडी केली. "तुम्ही तुमची बोट काठावरून कधी पाहिलीय?"

"काठावरून कशी पाहणार? मी बोटीत असतो."

"मग आज पाहा. किल्ली द्या. तुम्ही चालवता तश्शीच चालवतो, बारावर. तुम्ही पायवाटेनं त्यांच्या घराशी जाऊन उभे राहा."

शिंपीणबाईंचं घर काठाला अगदी चिकटून होतं. मागच्या दारातून निघालेल्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. बाजूच्या भिंतीवर कापडावर ओढायच्या खडूनं रेघा मारलेल्या होत्या, एकीवर एक, प्रत्येकीशेजारी तारीख. पाण्याकडून दुसऱ्या पायरीवर म्हातारा बसला होता, पावलं पाण्यात सोडून. कमरेला दुहेरी शिलाईचा जाड पट्टा. पट्ट्याचं दुसरं टोक भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधलेलं.

"बूट काढून ठेवा," बाई म्हणाल्या. "भिजतील."

घड्याळजी चौथ्या पायरीवर उभा होता. ठणठणीत कोरड्या. टोमणा असेल असं समजून त्यानं बूट काढले नाहीत. नुसतं विचारलं, "ह्यांना पाण्यात कशाला बसवता मग?"

"अंग लुळं पडल्यापासून पाय आहेत की नाहीत ते कळत नाही त्यांना. पाण्यात सोडले की कळतं. सकाळचा तेवढा तासभर."

तेवढ्यात बोट दिसली. पाण्याला जेमतेम शिवत, सपाट, सरळ येत होती. आपली बोट इतकी देखणी आहे हे घड्याळजीला पहिल्यांदाच कळलं. पिवळ्या पिंपाशी इंजिनाचा आवाज उतरला. बोटीचं नाक वर उचललं गेलं, मागचा भाग खाली बसला, आणि जी पाण्यावरून सरकत होती ती पाणी नांगरत पुढे निघाली. बोटीत बसल्यावर या जागी समोर थोडं जास्त आभाळ दिसायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

बोट समोर आली, आणि म्हाताऱ्यानं हात वर केला.

घड्याळजीचा हातही सवयीनं निम्मा वर गेला. पण म्हातारा बोटीकडे बघतच नव्हता. त्याची बोटं डोक्यावरची कडी चाचपत होती. ती सापडली, आणि मूठ मिटली.

बोट निघून गेली. पाणी होतं तसंच होतं.

"बघा," घड्याळजी म्हणाला. "काही नाही."

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून पोचायचीय."

मग ती आली. पहिली पायरी गेली, दुसरी गेली. पाणी म्हाताऱ्याच्या छातीपर्यंत चढलं आणि परत फिरताना त्याला आपल्याबरोबर ओढू लागलं. पट्टा ताणला गेला. कडीवरची बोटं पांढरी पडली. मागोमाग दुसरी लाट आली, तिच्यापेक्षा उंच. घड्याळजीच्या बुटांत पाणी शिरलं.

पाणी उतरल्यावर म्हाताऱ्यानं खांद्यानं तोंड पुसलं. बाईंनी भिंतीवर रेघ ओढली.

"बोटीतून दिसत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ती इथे येईपर्यंत तुम्ही लांब गेलेले असता."

हवालदार वळसा घेऊन, इंजिन बंद करून, हळूच पायऱ्यांशी येऊन लागला. मांडीवर कागद उघडला.

"भरधाव असते तेव्हा उथळ चालते. अर्धवट हळू केली की बुडून चालते," तो म्हणाला. "पण काटा बारावरच होता, मी साक्षीला आहे. तसं लिहिलं तर तक्रार रद्द. लाटेचं लिहिलं तर बोट गेली. सही तुमची. काय लिहू?"

घड्याळजी खाली वाकला. ओल्या दगडावर त्यानं तळवा ठेवला.

"चौथी पायरी लिहा," तो म्हणाला.

"मोसम जाईल."

"लिहा."

सही करून तो बोटीत बसला. ती पाण्याबाहेर काढायची तर धक्क्यापर्यंत न्यायला हवी होती. इंजिन जेमतेम पुटपुटत होतं, काटा शून्यावरून हलला नव्हता. दोन बदकं बाजूनं पुढे निघून गेली.

पिंपाशी आल्यावर त्यानं मागे वळून पाहिलं. पाण्यावर वळीसुद्धा उमटली नव्हती.

म्हाताऱ्याचा हात वर होता. घड्याळजीनं आपला हात सुकाणूवरच ठेवला आणि वाट पाहिली. बोट पिंप ओलांडून गेली, घर लहान होत गेलं, तरी तो हात कडीवरून खाली आला नाही.