पाण्यातला माथा

"दसऱ्याला बायकांनी सीमोल्लंघन केलेलं कुणी बघितलंय? नक्को!" हिम्मतराव बायकोला म्हणाले. सुशीलाबाईंनी पदर खोचला, लेकाची नवीकोरी गिअरची सायकल काढली आणि तारनाक्याहून निघून थेट तलावावरच्या टेकडीला भिडल्या.

अर्ध्या चढावर दम खाताना त्यांना खाली पाण्यात टेकडीचं प्रतिबिंब दिसलं. त्यातली सायकलवाली केव्हाच माथ्यावर पोचून हात उंचावून उभी होती. तीच हिरवी साडी, तसाच खोचलेला पदर.

"थांब, आलेच!" म्हणत त्यांनी जोरानं पायडल हाणलं.

माथा आला. "जिंकले गं बाई!" दोन्ही हात वर करून त्यांनी खाली पाहिलं.

पाण्यातला माथा रिकामा होता.

"सोनं घ्या," मागून त्यांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, आणि उंचावलेल्या तळहातावर आपट्याची ओलीचिंब पानं ठेवली.