मंजुळाबाईंनी सोडलेली वस्तू

दूध उतू जात होतं आणि मंजुळाबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

न्हाणीतून रामकिसन हाका मारत होता, आई, माझं दूध बघ, दूध बघ. त्यांनी माळेचा एक मणी पुढे ओढला. शेवटी तो अंगावरच्या साबणासकट टॉवेल गुंडाळून धावत आला. तोवर अर्धं दूध पातेल्यात होतं आणि अर्धं ओट्यावर. देव्हाऱ्यापुढून आईचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू. "मला नाही बघता येत. माझा नेम आहे."

आषाढी एकादशीला एखादी आवडती वस्तू सोडायची ती कार्तिकीपर्यंत. मंजुळाबाईंनी आजवर गूळ सोडला होता, वांगं सोडलं होतं, एका साली चहासुद्धा. यंदा देवापुढे हात जोडल्यावर त्यांनी स्वतःला खरं खरं विचारलं, सगळ्यात आवडतं काय? उत्तर आलं, रामकिसनची उठाठेव. त्याला उठवणं, त्याचा डबा, त्याचं धुणं, त्याच्या हरवलेल्या मोज्याचा जोडीदार शोधणं. पोरगा पंचवीस वर्षांचा. वाळूजच्या कंपनीत कामाला. मागच्या साली त्याला पुण्याला मोठी जागा देत होते, तर खानावळीचं जेवण सोसत नाही म्हणून त्याने नाही म्हटलं. दिवाळीनंतर पुन्हा विचारणार होते. या खेपेलाही नाही म्हणाला, तर हा जन्मभर पुंडलिकनगरातच आईच्या हातचा डबा धरून राहील, या धास्तीने त्यांनी तीच वस्तू सोडली. देवासमोर सोडली, म्हणजे मागे फिरणं नाही.

पहिल्या आठवड्यात रामकिसनच्या भाकरीला इतक्या चिरा पडल्या, की त्याच्या वडिलांनी, त्रिंबकरावांनी, ताटात तिचे तुकडे जुळवून पाहिले. हसून हसून त्यांना ठसका लागला. रामकिसनने आईकडे बघितलं. मंजुळाबाईंनी देवाकडे बघितलं आणि देवालाच सांगितलं, की बाबा रे, ज्वारीच्या पिठाला ऊन पाणी लागतं, हे तुला तरी ठाऊक असेल. त्रिंबकराव म्हणाले, ही लबाडी झाली. बाईंनी मान्य केलं आणि एक माळ जास्त ओढली. पुढे रोजच देवाला काहीबाही कळू लागलं. वरणात हिंग कधी घालतात, कुकरच्या शिट्ट्या किती. माळा वाढत गेल्या.

श्रावणात त्याने देवाचं लाल वस्त्र आपल्या पांढऱ्या शर्टांबरोबर भिजवलं. तीन शर्ट गुलाबी झाले. कंपनीत कुणीतरी म्हणालं, रंग खुलतो तुला. त्याने चौथाही मुद्दाम भिजवला.

नवरात्रात एका सकाळी भाकरी टम्म फुगली. त्रिंबकराव शेजारच्या साळूबाईंना बोलावून घेऊन आले. साळूबाई तोंडाला पदर लावून तव्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या दोघा पोरांसाठी मीही हाच नेम धरते. मंजुळाबाई तेवढ्यापुरत्या माळ विसरल्या. घरभर नुसतं हसू.

कार्तिकी द्वादशीला त्या पहाटेच उठल्या. चार महिन्यांची भूक होती हातांना. रामकिसनचा डबा घासून उपडा ठेवला, त्याचे मोजे जोडीने लावले, म्हणजे नेम सुटल्यासुटल्या उशीर नको. गुरुजी आले. पूजा झाली. आता सुरू करू ना, बाईंनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, आधी सोडलेल्या वस्तूचं दान. गूळ सोडला असेल तर गूळ द्यावा, मग खावा. "यंदा काय सोडलं होतं?"

दरवर्षी न चुकता दान देणाऱ्या मंजुळाबाईंना यंदा हे सुचलंच नव्हतं. त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. साळूबाईंना हसायला व्हरांड्यात जावं लागलं. गुरुजींनी उपरण्याने कपाळ पुसलं. याचं दान घेणार कोण, त्यांनाही कळेना.

रामकिसन पाट ओढून आईसमोर मांडी घालून बसला. त्याने ओंजळ पुढे केली.

"मला दे."

गुरुजींनी हसू दाबत मंत्र म्हटला. बाईंनी तुळशीचं पान ठेवून वर पाणी सोडलं. दिलेलं दान परत मागता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा पाणी त्याच्या बोटांतून ओघळत होतं. त्या स्वतःलाच हसू लागल्या. मग रामकिसनने सांगितलं, की पुण्याला हो म्हणून कळवलंय, सोमवारी हजर व्हायचंय.

हसू आवरत त्यांनी विचारलं, "एवढं धाडस होतं, तर मागच्या सालीच का नाही गेलास रे?"

"मला जमलं असतं कसंबी," तो ओले हात शर्टाला पुसत म्हणाला. "तुला जमलं नसतं."