प्रिय पालक

घरच्यांना न सांगता लग्न करून निघून गेलेल्या मंजूनं कॉलेजच्या ऑफिसात फोन केला होता. "मॅडम, माही टीसी इकडच्या कॉलेजले पाठवून द्या. पण आमी कुठं आहो हे घरी समजू देऊ नका. ते आमाले जिवंत सोडत नाही."

क्लार्क अल्काताईंनी तिची फाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. शिपायालाही काही सांगितलं नाही.

आज मंजूचा मोठा भाऊ ओमेश केशोरीवरून मोटारसायकलनं आला. आवाज चढवला नाही त्यानं.

"मंजू कोणत्या गावच्या कॉलेजात गेली, तेवढं सांगून द्या मॅडम."

"विद्यार्थ्यांची माहिती बाहेर देता येत नाही."

"काऊन? तिच्या ॲडमिशनले पालक म्हणून मीच सही केली होती."

"केली असेल. नाही देता येत."

तो समोरच्या बाकावर जाऊन बसला. अल्काताईंनी कॉम्प्युटर त्याला दिसणार नाही असा वळवला, मंजूची टीसी ऑनलाइन पाठवली आणि लॉगआउट केलं.

थोड्या वेळानं ओमेशचा मोबाइल वाजला. त्यानं पाहिलं, खिशात ठेवला आणि उठला.

"येतो मॅडम."

कंटाळून गेला, असं अल्काताईंना वाटलं. त्यांनी डबा उघडला.

 

मेसेज कॉलेजच्याच सिस्टीमवरून आपोआप गेलेला होता : "प्रिय पालक, आपली पाल्य कु. मंजू हिची टीसी आज अकोला येथील महाविद्यालयाकडे पाठवण्यात आली आहे."